मीठ आणि दूध

कडकोळमधल्या आमच्या घरापासून थोड्याच अंतरावरून जो रस्ता जातो, तो म्हैसूरहून निघून नंजनगूड, गुंडलुपेट आणि बंडीपूर करत पुढे उटीला चढतो. शनिवारी पहाटेपासून त्यावर सहलीच्या गाड्यांची रांग असते. त्यांतल्या बऱ्याच जणांना बंडीपुरात वाघ दिसावा अशी आशा असते आणि रविवारी रात्री परतताना बहुतेकांना तो दिसलेला नसतो. लग्नानंतर या गावात आले तेव्हा माझ्यासाठी हा फक्त गाड्यांच्या आवाजाचा रस्ता होता. अलीकडे हातात आलेल्या एका कामामुळे त्याच्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. एके काळी या रस्त्यानं उलट दिशेनं, म्हणजे जंगलाकडून म्हैसूरकडे, मिठानं भरलेली कातडी जात असत.

म्हैसुरात, इथून तेरा-चौदा किलोमीटरवर, व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन हा कारखाना होता. यूजीन व्हॅन इंगेन यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढला आणि पुढे त्यांच्या मुलांनी चालवला. संस्थानिक, इंग्रज अधिकारी, मळेवाले, परदेशी पाहुणे, सगळे आपापली शिकार इथे पाठवत. पॅट मॉरिस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं या घराण्याच्या कामावर पुस्तक लिहिलं आहे. त्यांच्या हिशेबानं या एका कारखान्यातून सुमारे ४३ हजार वाघ आणि बिबटे बाहेर पडले. १९७२ साली देशभरातल्या वाघांची मोजणी झाली तेव्हा आकडा आला होता १,८२७. हे दोन आकडे मी एकाच कागदावर लिहिले आणि कागद बराच वेळ तसाच समोर ठेवला. गेल्या शतकाच्या अखेरीस कारखाना बंद झाला. घराण्यातले शेवटचे कारागीर जुबेर व्हॅन इंगेन २०१३ साली वयाच्या एकशे एकाव्या वर्षी म्हैसुरातच वारले.

मी भाषांतरकार आहे. पुण्यातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी मला त्यांच्या आजोबांच्या रोजनिशीचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करायला दिलं. आजोबा एका छोट्या मराठी संस्थानात नोकरीला होते, उत्तम नेमबाज होते, आणि दांडेलीच्या बाजूच्या जंगलात दरवर्षी शिकारीला जात. नातवंडं-पतवंडं आता अमेरिकेत आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी एक छोटं खाजगी पुस्तक काढायचं, एवढाच हेतू. मी म्हैसूरजवळ राहते हे कळल्यावर काका फोनवर खूश होऊन म्हणाले, "अहो ताई, मग तर हे काम तुमच्याकडेच यायला हवं होतं. आजोबांचा वाघ तुमच्याच गावाला आला होता!"

वाघ नव्हता, वाघीण होती. ते मला रोजनिशीत कळलं.

रोजनिशी तीसच्या दशकातली. शिकारीच्या त्या आठवड्यात गोळी झाडल्याचा मजकूर जेमतेम चार ओळींचा आहे. नंतर काय केलं त्याला मात्र अडीच पानं दिली आहेत. सुरुवातीला मला हे विचित्र वाटलं, आणि मग हळूहळू त्या अडीच पानांचा दरारा वाटायला लागला. कारण गोळी हे एका क्षणाचं काम, पण कातडं म्हैसूरला धड पोचवायचं तर त्यापुढचे दोन दिवस एकेक गोष्ट वेळेवर व्हावी लागते. व्हॅन इंगेन मंडळींनी शिकाऱ्यांसाठी एक पुस्तिकाच छापली होती, कारण कारागिराकडे पोचण्याआधीच निम्मी कातडी वाया जातात याचा त्यांना वैताग असणार. आजोबांकडेही ती असावी. 'म्हैसूरच्या पुस्तकाप्रमाणे' असे शब्द दोनदा येतात.

रोजनिशीतून मी जे शिकले ते थोडक्यात असं. मेलेलं जनावर उन्हात क्षणभरही ठेवायचं नाही. आपल्या हवेत कुजणं लगेच सुरू होतं, आणि ते दिसण्याआधी पोटाकडचे केस सुटायला लागतात. एकदा केस सुटले की जगातला कोणताही कारागीर ते परत चिकटवू शकत नाही. सोलण्याआधी मापं घ्यायची: नाकाच्या टोकापासून शेपटाच्या टोकापर्यंत, मानेचा घेर, डोळ्यापासून नाकापर्यंतचं अंतर. कारण कातडं ताणलं की लांबतं आणि माणूस आपल्या वाघाबद्दल खोटं बोलायला लागतो. चीर हनुवटीपासून शेपटापर्यंत पोटाच्या मधोमध, पायांची आतल्या बाजूनं. पंजाची शेवटची हाडं नखांसकट कातड्यातच ठेवायची. कान आतून मोकळे करून मोज्यासारखे उलटे करायचे. ओठ आतून चिरून दुपदरी उघडायचे. पापण्यांना आणि नाकाच्या शेंड्याला अगदी जपायचं. शेपटातलं हाड काढून ते पूर्ण लांबीनं उघडायचं, नाहीतर शेपूट आतून सडतं.

मग चरबी. चरबीचा एक कणही उरला तर मीठ आत जात नाही. म्हणून बोथट सुरीनं तासन् तास खरवडायचं. त्यानंतर बारीक मीठ, हातानं, प्रत्येक सुरकुतीत, बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या तळाशी चोळायचं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलेलं मीठ झटकून पुन्हा नवं. वाळवायचं ते सावलीत आणि वाऱ्यावर. उन्हात घातलं तर उरलेली चरबी तापून कातडं आतल्या आत भाजतं. आणि पुरतं कडक होण्याआधी घडी घालायची, कारण नंतर घातली तर ते घडीवरच तडकतं. एवढं झालं की नावगावाची पट्टी बांधून पार्सल स्टेशनावर.

रात्रभर कातड्यापाशी एक माणूस बसवला होता. जंगली जनावरासाठी नव्हे, माणसांसाठी. वाघाच्या मिशा लोक उपटून नेतात. त्यांचा ताईत करतात, किंवा त्या विष असतात असं मानतात. खांद्याच्या मांसात सुटी असलेली दोन छोटी हाडं भाग्याची म्हणून जातात. चरबी सांधेदुखीला. आजोबांनी मिशा मोजून ठेवल्या होत्या. आकडा लिहिला आहे.

मी हे वाचत होते तेव्हा, खरं सांगायचं तर, त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर वाटला. इतकी एकाग्रता, इतकी हळुवार बोटं. लहान मुलाचे कान पुसावेत तसे त्यानं त्या वाघिणीचे कान उलटून घेतले होते. आणि मग, दुसऱ्या पानाच्या शेवटी, हे दोन वाक्य आले: 'वाघिणीच्या सडांस दूध होतें. मीठ कमी पडलें, पाटलाकडून आणखी दोन पायल्या मागविलें.'

दुधाबद्दल एवढंच. पुढे पुन्हा मीठ.

*

मी त्या पानाचं भाषांतर करून पाठवलं. आठवड्यानं काकांचा फोन आला. काम आवडलं होतं. मिठाचा सगळा भाग त्यांना फार आवडला होता. "काय बारकावा होता हो त्या माणसाकडे!" मग जरा थांबून म्हणाले, "ताई, ते एक दुधाचं वाक्य आहे ना, ते काढू या का? मुलं तिकडची आहेत. त्यांना ते… उगाच मनाला लागेल. बाकी सगळं राहू दे."

मी "बघते" म्हणाले. भाषांतरकाराचं हे नेहमीचं उत्तर आहे. त्याचा अर्थ "नाही" असा असतो, पण धीर नसतो.

फोन ठेवल्यावर वाटलं, एवढा विचार करण्यासारखं यात आहे काय? पुस्तक त्यांचं, आजोबा त्यांचे, पैसे त्यांचे. छापायच्या प्रती वीस-पंचवीस. एक वाक्य गेल्यानं कुणाचं काय बिघडणार? वाघीण मरून ऐंशीहून जास्त वर्षं झाली. तिची पिल्लं, असतील तर, तेव्हाच चार-दोन दिवसांत गेली असतील.

पण मग हेही दिसायला लागलं की काका मला जे करायला सांगत होते, ते आजोबांनी त्या दोन दिवसांत केलं होतं तेच. जे नासेल ते काढायचं. जे टिकाऊ आणि देखणं, ते राखायचं. दूध नासतं. मीठ लावलेलं कातडं टिकतं.

*

आता शब्दांविषयी थोडं, कारण माझा धंदाच तो आहे. मराठीत कातडं 'कमावतात'. पैसाही कमावतात, शरीरही कमावतात. रोजनिशीतलं 'कातडें कमावण्यास म्हैसुरास पाठविलें' हे वाक्य इंग्रजीत नेताना मला 'क्युअर' हा शब्द वापरावा लागला, आणि तो शब्द रोग बरा करण्यासाठीही तोच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'अनक्युअर्ड ट्रॉफी' अशी एक व्याख्या आहे. ज्यावर अजून प्रक्रिया झालेली नाही असं वन्य जनावर किंवा त्याचा भाग, नुकतंच मारलेलं जनावरसुद्धा त्यात येतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती वाघीण सडात दूध असताना 'न कमावलेली' होती आणि म्हैसूरहून परत आली तेव्हा 'कमावलेली'. इंग्रजीत ऐकलं तर आधी आजारी होती आणि मग बरी झाली असं वाटावं. दोन्ही भाषांत शब्द माणसाच्या बाजूनंच उभा आहे. कुणी काय कमावलं, ते शब्द सांगतो. कुणी काय गमावलं, त्यासाठी वेगळं वाक्य लिहावं लागतं. आजोबांनी ते लिहिलं होतं. चार शब्दांचं.

'शिकार' हा शब्दही असाच. करतो ती शिकार आणि मेलं तेही शिकारच. कृती आणि जनावर यांत फरक ठेवायची आपल्याला गरज वाटली नाही.

'त्या काळी असंच होतं' हे उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही. आजोबांना आजच्या कायद्यानं दोषी ठरवण्यात मला रस नाही. पण हे उत्तर वाटतं तितकं पुरत नाही. काळानं त्यांना नेम धरू दिला, आणि त्याच काळानं त्यांना दूध पाहायचंही थांबवलं नाही. त्यांनी पाहिलं, त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिलं. त्यांना ते लिहायची काहीच सक्ती नव्हती. मापांत, मिशांत, मिठात दुधाचा उपयोग शून्य. तरी लिहिलं. तो काळ आंधळा होता असं म्हणून आपण त्यांना वाचवत नाही. उलट त्यांनी जे एकच अवघड पाहिलं, तेवढं नेमकं आपण त्यांच्याकडून काढून घेतो.

आणखी एक गोष्ट त्या पानावर आहे, जी पहिल्या वाचनात माझ्याही नजरेतून सुटली. 'गावाबाहेरून दोन इसम बोलाविले.' ती बोथट सुरी, ते तासन् तास खरवडणं, ओठ दुपदरी करणं, हे सगळं आजोबांचे हात करत नव्हते. कानांबद्दल मी जे वर लिहिलं ते मलाच दुरुस्त करायला हवं: आजोबांनी कान उलटून घेतले, म्हणजे उलटवून घेतले. 'गावाबाहेरून' म्हटलं की आपल्याकडे कुणाला बोलावलं ते वाचणाऱ्याला कळतं. मेलेलं गुरं ओढायचं, सोलायचं, कातडं कमवायचं हे काम ज्यांच्यावर लादलं आणि त्याच कामासाठी ज्यांना शिवायचं नाही असं ठरवलं, त्यांतली ती दोन माणसं. १९२७ च्या महाड परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचा ठराव झाला होता. ही रोजनिशी त्यानंतरची आहे. गाय सोलली की तोच हात विटाळाचा. वाघ सोलला की त्याच हातांनी तयार केलेलं कातडं दिवाणखान्यात अंथरायचं आणि त्यावर बसून फोटो काढायचा. रोजनिशीत बंदुकीचं नाव आहे, कारखान्याचं आहे, वाघिणीची लांबी इंचात आहे. त्या दोघांची नावं नाहीत. दोनशे वर्षं टिकेल अशी काळजी ज्या बोटांनी घेतली, ती बोटं कुणाची, हे टिकलं नाही.

*

इथून दहा-बारा किलोमीटरवर नंजनगूडचं मोठं शंकराचं देऊळ आहे. कन्नडमध्ये 'नंजु' म्हणजे विष. हलाहल पचवलेला तो नंजुंडेश्वर. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही तिथे जातो. देव व्याघ्रचर्म नेसलेला असतो हे मी लहानपणापासून चित्रांत बघत आले, पण त्या कातड्याला कुणी मीठ लावलं असेल का, असा प्रश्न मला यंदा पहिल्यांदा पडला. देवाच्या कातड्याला कीड लागत नाही. माणसाच्या लागते, म्हणून माणसाला विष वापरावं लागतं. जुने कारागीर कातड्याला आतून सोमलाचा लेप देत. म्हणून जुन्या संग्रहालयांत पेंढा भरलेल्या जनावरांना आज हातमोजे घालून हात लावतात. काकांनी सांगितलं होतं की त्यांच्या घरात प्रत्येक बाळाचा पहिला फोटो त्या वाघिणीच्या पाठीवर झोपवून काढलेला आहे. त्यांचा स्वतःचाही.

ती वाघीण आता त्यांच्याकडे ट्रंकेत आहे, सरकारी दाखल्यासह. ती विकता येत नाही, कुणाला देता येत नाही. वारशानं मात्र मिळते. मुलं अमेरिकेत, त्यामुळे पुढे तिचं काय करायचं, ही काकांची खरी काळजी आहे. पुस्तकाच्या निमित्तानं ते बोलत होते, पण मला वाटतं प्रश्न त्यांचाही तोच होता: आपल्याकडे हे जे आलं आहे, त्याचं आपण काय देणं लागतो?

*

या कामाच्या निमित्तानं मी जुने फोटो पाहिले. व्हॅन इंगेन यांचं कसब खरोखर मोठं होतं. ते पेंढा भरत नसत. कागदाच्या लगद्याचं हलकं, शरीररचनेला धरून केलेलं धड साच्यातून काढत आणि त्यावर कातडं चढवत. म्हणजे भाषांतराच्या अगदी उलट, असं मला वाटून गेलं. आम्ही आतलं ठेवून कातडं बदलतो, ते कातडं ठेवून आतलं बदलत. डोळे काचेचे. आणि जबडा, पुष्कळदा, उघडा. दात विचकलेले, नाकावर सुरकुत्या, कान मागे.

या जबड्यापाशी मी अडकले. रोजनिशीच्या चार ओळींत वाघीण पाणवठ्याकडून चालत येत होती. तिनं वर पाहिलंही नव्हतं. मचाणावरून एक गोळी, मानेच्या मागे. ती गुरगुरली नाही, झेपावली नाही. पण ट्रंकेत ठेवण्याआधी कित्येक वर्षं तिचं डोकं ज्या भिंतीकडे तोंड करून होतं, त्या भिंतीवर ती अंगावर येत होती. केसन् केस तिचा. मिशा मोजून तिच्याच. फक्त राग तिचा नव्हता. तो कारखान्यात गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार घातलेला होता.

तेव्हा मला माझ्या प्रश्नाचं एक टोक सापडलं. मारल्यानंतर घेतलेली काळजी खरी असते की ढोंग, असं मी विचारत होते. ती खरी असते. मीठ चोळणारी बोटं खोटं बोलत नाहीत. पण काळजी खरी असली म्हणजे तिनं जपलेली गोष्ट खरी राहते असं नाही. अतिशय प्रामाणिक कातड्याच्या आत अतिशय खोटा जबडा बसवता येतो, आणि कातडं जितकं उत्तम राखलेलं, तितकं ते खोटं जास्त पटतं.

उलट उदाहरणही आपल्याकडे आहे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली वन्यप्राण्यांसाठी टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झालं. पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी ते काम उभं केलं. तिथे येणारे वाघ-सिंह-बिबटे मारलेले नसतात. प्राणिसंग्रहालयात किंवा उद्यानात म्हातारपणानं, आजारानं, अपघातानं मेलेले असतात. तिथेही घाई तीच, कारण मुंबईची हवा केसांना थांबायला वेळ देत नाही. चरबी तशीच खरवडावी लागते, कान तसेच उलटावे लागतात. म्हणजे मिठात पाप नाही. त्याच कृती, त्याच क्रमानं, शिकाऱ्याशिवायही होतात. फरक एवढाच की तिथे शेजारी पाटी लावली तर तिच्यावर लिहायला कुणाला संकोच वाटू नये: हा प्राणी इथे होता, याचं हे वय होतं, हा असा मेला.

ती पाटी मला महत्त्वाची वाटते. मेलेल्याचं रूप राखणं ही आपली हौस. रूप राखलं नाही तरी मेलेल्याचं काही अडत नाही, माती आपलं काम करते. पण आपण रूप राखायचं ठरवलं की एक देणं अंगावर येतं. तो कसा मेला याचा हिशेब त्याच्याबरोबर ठेवायचा. कातडं ठेवायचं आणि हिशेब टाकायचा, हे मला चालणारं वाटत नाही.

*

हे सगळं मी आमच्या शेजारच्या अक्कांना सांगितलं. त्यांच्याकडे दोन गाई आहेत, संध्याकाळचं दूध मी तिथूनच आणते. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी वासरू मेलं की त्याचं कातडं काढून, मीठ लावून, वाळवून, त्यात पेंढा भरत आणि गाईपुढे ठेवत. गाय त्याला चाटे आणि पान्हा सोडे. मराठीतला 'पेंढा भरणं' हा शब्दप्रयोग मुळात वाघांच्या दिवाणखान्यातला नसून अशाच कुठल्या गोठ्यातला असावा, असं मला तेव्हा वाटलं. मी अक्कांना विचारलं, "ही फसवणूकच नाही का?" त्या चरवी धूत होत्या. म्हणाल्या, "फसवणूक तर आहेच. पण गाय काही दिवसांनी ओळखते. मग चाटत नाही. नुसती त्याच्याजवळ उभी राहते."

मी त्यांना विचारलं नाही की मग त्या कातड्याचं काय करत. विचारायला हवं होतं.

त्या रात्री मी काकांना पत्र लिहिलं. फोनवर जमलं नसतं. लिहिलं की काका, पुस्तक तुमचं आहे आणि ते वाक्य काढायचा अधिकारही तुमचाच आहे. पण मी ते काढून दिलेलं भाषांतर माझ्या नावानं जाऊ नये, कारण मग ते भाषांतर राहत नाही. हेही लिहिलं की तुमच्या आजोबांना लहान करण्यासाठी मी ते वाक्य ठेवत नाही. अडीच पानांत ज्या एका ओळीत ते स्वतःच्या कामापासून क्षणभर दूर उभे राहिले, ती ही ओळ आहे. मुलांच्या मनाला लागेल हे खरं. आजोबांच्याही लागलं असेल, नाहीतर त्यांनी ते लिहिलं नसतं. आणि शक्य असेल तर, 'गावाबाहेरून दोन इसम' या शब्दांना खाली एक टीप देऊ या, कारण 'गावाबाहेर' म्हणजे काय ते इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना कळणार नाही. ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

दहा दिवस उत्तर आलं नाही. काम गेलं असं मी धरून चालले. भाषांतरकाराला त्याचीही सवय असते.

मग एका दुपारी फोन आला. काकांनी नमस्कार-चमत्कार काहीच केलं नाही. त्यांनी विचारलं, "ताई, रोजनिशीत पुढे पिल्लांचं काही आहे का हो? तुम्ही सगळी वाचलीत ना?"

मी सगळी वाचली होती. दोनदा. दुसऱ्या दिवशीच्या पानावर पार्सलचा खर्च आहे, हमालाचा खर्च आहे, मिठाचे पैसे पाटलाला पोचते केल्याची नोंद आहे.

"नाही काका," मी म्हणाले. "पिल्लांचं काही नाही."

"शोधली असतील का त्यांनी?"

"लिहिलेलं नाही."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. बाहेर उटीच्या गाड्या जात होत्या. मग म्हणाले, "राहू दे मग ते वाक्य. ती टीपही घाला." आणि जरा वेळानं, "त्या दोघांची नावं कुठे मिळणार नाहीत ना आता?"

मिळणार नाहीत, असं मी सांगितलं. टिपेतही मी तेच लिहिलं आहे.